वांगणी, जिल्हा ठाणे

जयवंतीने संगणकाच्या काचेवर बोट टेकवलं, तसा भावेश म्हणाला, "हात नका लावू, ताई."

तिने बोट मागे घेतलं. "हीच ओळ. वांगणी, जिल्हा ठाणे. पण ही स्टेशनवाली, बदलापूरच्या पुढची. आमची वांगणी इकडची, जव्हार तालुक्यातल्या वावर गावाजवळची. ती तुमच्या यादीत नाहीच."

"एका जिल्ह्यात एकच नाव दोनदा आलं होतं. मशीनने दुबार समजून एक काढलं."

"दुबार कसं? दोन गावं आहेत ती."

भावेशने मान हलवली. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. जिल्ह्यातले पत्ते एकत्र करायचं काम सरकारने एका कंपनीला दिलं होतं आणि कंपनीने त्याला जव्हारच्या या कचेरीत बसवलं होतं. वर्षभर सरकारी कागद त्याच पत्त्यांवर निघत होते. वावरकडच्या वांगणीचे कागद स्टेशनवाल्या वांगणीला जाऊन पडत. जयवंतीचं शिक्षणसेवक भरतीचं बोलावणं असंच फिरत फिरत हातात आलं, तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या.

"मग परत घाला ना आमचं नाव."

"मला अधिकार नाही. कचेरीकडून लेखी आलं पाहिजे."

कचेरी म्हणजे शेजारचंच टेबल. सकाळी ती आधी तिथेच गेली होती, आणि कारकुनाने तिला इकडे धाडलं होतं. ती पुन्हा तिकडे वळली.

"भाऊसाहेब, ते तुमच्याकडून लेखी मागतायत."

"मशीन त्यांचं, यादी त्यांची. मी कशावर सही करू?"

"गाव आहे, एवढंच लिहा."

कारकुनाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "गाव आहे हे मला माहीत आहे, बाई. इलेक्शन ड्यूटीला मुक्काम केलाय मी तिथे. पण लिहून द्यायला साहेबांचा हुकूम लागतो. साहेब मिटिंगला गेलेत."

मागच्या खेपेलाही साहेब मिटिंगलाच होते. गावाने तिला शिकलेली म्हणून पाठवलं होतं, आणि दिवाळीपासून ती नुसत्या चकरा मारत होती.

"तुम्ही दोघं एकदा एकमेकांशी बोला ना," ती म्हणाली. आवाज थोडा चढलाच.

"त्याचा साहेब पुण्यात, माझा असा," कारकून शांतपणे म्हणाला. "आम्ही बोलून काय होणार?"

ती बाकावर जाऊन बसली. ओढणीचं टोक मुठीत पिळत राहिली. कारकुनाने डबा उघडला. थोड्या वेळाने भावेश तिच्याजवळ आला.

"नवी भरती कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात बोलावणी निघतील."

"गावाचं माझ्या हातात नाही, ताई. पण तुमच्या एकटीचा पत्ता बदलता येतो. जव्हारमध्ये कोणी ओळखीचं आहे? द्वारा म्हणून टाकतो."

"आणि बाकीचे?"

त्याने खांदे उडवले. "बाकीच्यांचं साहेब आले की बघू."

जयवंतीने पिळलेली ओढणी सरळ केली. मग म्हणाली, "योगिता लक्ष्मण भोये. माझी डी.एड.ची मैत्रीण. एसटी स्टँडच्या मागे राहते."

भावेशने जागेवर बसून टाइप केलं. मशीनने काही विचारलं नाही, कोणाची सही मागितली नाही.

"झालं," तो म्हणाला.

इतकं सोपं होतं याचाच तिला संताप आला. पण ती "थँक्यू" म्हणाली आणि बाहेर पडली.

वावरकडची जीप भरत आली होती. गावातल्या धोंडीबाईने सरकून तिला जागा केली. धोंडीबाईच्या नवऱ्याला मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख कळवणारा कागद दोनदा त्या दुसऱ्या वांगणीला गेला होता.

"झाला का गो आपले गावाचा काम?"

जयवंती खिडकीबाहेर पाहत होती. जीप सुरू झाली.

"झालं, मावशी."

"बरा केलास, पोरी. मंग डोकऱ्याचा कागद पन येल आता घरा." धोंडीबाई मागे वळली आणि मागच्या फळीवर दाटीने बसलेल्या माणसांना म्हणाली, "आयकला का? जयवंतीनं गावाचा काम केला."

मागे कोणीतरी बरं बरं म्हणालं. एक हात माणसांमधून वाट काढत पुढे आला. मुठीत भाजलेल्या शेंगा होत्या.

"घे गो," धोंडीबाई म्हणाली. "सकाळपासून उपाशी आसशील."

जयवंतीने ओंजळ पुढे केली.