माझ्या तळाशी राहिलेला थेंब

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. अत्तराची नव्हे हं! क्वार्ट्झची, चौकोनी, बोटाएवढ्या उंचीची. साधी काच अतिनील किरणांना अडवते, मी त्यातली नाही. माझ्यातून ते बिनबोभाट आरपार जातात. याचा मला थोडा तोरा आहे, कबूल करते.

बारा वर्षं मी एकाच प्रयोगशाळेत आहे. तिथल्या संशोधक ताईंनी चार वर्षं खपून एक रंग तयार केला. त्याच्या रेणूत एक चिमुकला प्रोटॉन असतो. अतिनील प्रकाश पडला, की पापणी लवायच्या आत तो रेणूतल्या रेणूतच शेजारच्या जागी उडी मारतो आणि हिरवागार उजेड पडतो. आसपास पाणी किंवा अल्कोहोल असलं, तर मात्र ते त्याला धरून ठेवतं. मग उडी बंद आणि उजेड निळा.

मला धुण्याचं काम मामांचं. ते आमचे जुने मदतनीस. ज्या द्रवात रंग विरघळवायचा, त्यानेच मला तीनदा विसळायचं आणि नीट वाळवायचं, असा ठरलेला नेम. त्यांच्या हातून मला कधी साधा ओरखडाही आला नाही.

पण या रंगावरचा ताईंचा शोधनिबंध छापून आल्यावर दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवलं, की हा रंग हिरवा नाही, निळा चमकतो. ताईंचे सर भडकले. "उद्या माझ्यासमोर दाखवा. निळा आला, तर शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र मी तिथेच सही करून पाठवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला धुवायला घेतलं. आज तरी कुपी लखलखीत हवी, म्हणून त्यांनी नेहमीचं विसळून झाल्यावर माझ्यात वरून अल्कोहोलची एक धार मारली. तेवढ्यात हाक आली आणि घाईघाईत मला तसंच पुढे केलं. तळाच्या कोपऱ्यात एक थेंब राहिला होता. मला तो कळत होता! पण सांगू कशी?

ताईंनी द्रावण भरलं, दिवा लावला.

निळा.

"पुन्हा बघते, सर." दिवा बंद करून परत लावला. पुन्हा निळाच. चार वर्षांची मेहनत माझ्यामुळे मातीत चालली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी पेन उघडलं. "आता काय बघायचं राहिलं?"

दाराशी मामांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली अल्कोहोलची बाटली त्यांनी पाठीमागे लपवली. निवृत्तीला दोन महिने उरलेले. ते एक पाऊल मागे सरले. मग थबकले आणि तडक टेबलापाशी आले.

"सर, सही करू नका. मी हिला अल्कोहोलने धुतलंय."

"इतक्या वर्षांत एवढं कळू नये तुम्हाला?"

"कळतं, सर. म्हणून तर सांगायला जीभ रेटत नव्हती."

ताईंनी मला रिकामं करून मामांच्याच हातात दिलं. तीन वेळा विसळणं, मग कोरडी हवा सोडून वाळवणं. मामांचा नेम चुकला नाही. उरलंसुरलं द्रावण माझ्यात आलं.

दिवा लागला. हिरवा! काय सांगू, डोळे दिपावेत असा हिरवा!

सरांनी स्वतः त्यात अल्कोहोलचा एक थेंब सोडला. हिरवा विझत गेला आणि निळा वर आला. मग ते पत्र फाडून त्यांनी त्या दुसऱ्या प्रयोगशाळेला एकच ओळ लिहिली, "तुम्ही कुपी कशाने धुता?"

मित्रांनो, मला बोटं लावू नका, खरखरीत फडक्याने पुसू नका, एवढंच मी आजवर मागत आले. आता आणखी एक मागते. हातून काही चुकलं, तर तिथल्या तिथे सांगून टाका. त्या सकाळी मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.