पालथं पान

खेळाच्या डब्याच्या कोपऱ्यात छापलेला आठाचा आकडा आणि त्याला चिकटलेलं अधिकचं चिन्ह... हिमानीने त्यावरून अंगठा फिरवला, जणू घासला तर उतरेल, सहा होईल, पाच होईल. आठ वर्षांच्या पुढचे सगळे. माया आठ वर्षं चार महिन्यांची, म्हणजे बसत होती त्यात. पण हे छापणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणत्या मुली असतात? दुकानात ‘काका, ते नाही, हे द्या’ म्हणणाऱ्या. हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणणाऱ्या.

माया म्हणत नाही. घरात सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं तोंड चालू — आजीशी, कुंडीतल्या गोगलगायीशी, मिक्सरच्या आवाजालाही ती उत्तर देते — आणि प्रताप नगरातल्या या फ्लॅटचा उंबरठा ओलांडला की ओठ मिटतात. दोन वर्षं झाली. शाळेत अरुंधती मॅडम तिचा वर केलेला हात बघून हजेरी लावतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मुलीत काही खोट नाही, घाई करू नका. आणि एक करा, तिच्या वतीने बोलू नका. घाई न करणं हिमानीला जमलं. दुसरं अजून जमत नाही. कुणी मायाला नाव विचारलं की मायाचे ओठ हलायच्या आत माझे हलतात...

आज रविवार. सक्करदऱ्याच्या विहारात वंदना झाली की लोक मोबाईल काढून बसतात, म्हणून तिथले सेक्रेटरी रविंद्रकाका गेल्या खेपेला म्हणाले होते, ‘बेटा, ते तुमच्या घरचे डब्यातले खेळ आण ना एकदा. पण सोपे आण. आमच्याकडे लुडोच्या पुढे कोणी गेलं नाही.’ तेव्हापासून आठवडाभर हिमानी कपाटासमोर उभी राहत होती. तीस-बत्तीस डबे. पुण्यात नोकरी करताना प्रीतमने आणि तिने लग्नाआधी एकेक जमवलेले — शेतं वसवायचे, आगगाड्या जोडायचे, सगळ्यांनी मिळून रोगाची साथ थांबवायचे — आणि नवख्यांसमोर काय ठेवायचं हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही, असं प्रीतमचे मित्रही मानायचे. चहा निवायच्या आत डाव सुरू झाला पाहिजे. वाचायला काही नको, चष्मा घरी राहिलेला असतो. अर्ध्यातच बाद होऊन कुणी भिंतीला टेकून बसायला नको. आणि मुख्य म्हणजे नियम सांगायचे नसतात, पहिलं पान खेळवायचं असतं. ज्याला रमी येते त्याला तरी ती कुणी कुठे समजावून सांगितली होती?

एवढं सगळं ठाऊक असून तिने शेवटी काढला तो रंगीत फरश्यांचा खेळ. चौकोनी फरशी उचलायची, आपल्या नक्षीत ठेवायची. सुंदर, शांत. कुणी कुणाशी बोललं नाही तरी चालणारा...

‘तो झुरळाचा घे ना वं,’ मागून रंभाबाई म्हणाल्या. सासूबाई पायाला तेल लावत बसल्या होत्या. ‘त्याच्यात मज्जा येते.’

‘आई, तो खोटं बोलायचा खेळ आहे. विहारात कसा न्यायचा? आत्ता म्हणायचं मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, आणि पाच मिनिटांत तेच करायचं?’

‘हं,’ रंभाबाईंनी घोट्यावर तेल चोळलं. ‘शील मोडन म्हणून नाही नेऊन राहिली तू. पोरीले बोला लागन म्हणून नाही नेऊन राहिली.’

खरं तर दोन्ही कारणं खरी होती. पण पहिलं किती लवकर सापडलं, किती आयतं, याचं तिला नवल वाटलं.

विहारात वंदना संपली, पंचशील झालं. माया आजीच्या शेजारी हात जोडून, ओठ न हलवता. डोळे मात्र हलत होते — कुणाच्या मोज्याला भोक आहे, कोण वंदनेत जांभई देतंय — सगळं घरी गेल्यावर ऐकायला मिळणार होतं. मग सतरंजीवर फरश्या मांडल्या. एका बाजूला लहानूजी, मॉडेल मिलमधून निवृत्त झालेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं; दुसरीकडे सासूबाईंची मैत्रीण मीराबाई, मग सासूबाई, मग माया. हिमानी मागे गुडघ्यांवर. तिने नियम सांगितले. सांगायचे नसतात, तरी सांगितले, उदाहरणं देऊन, कारण गप्प राहिलं की सगळे मायाकडे बघतील.

लहानूजींनी एक निळी फरशी ठेवली आणि वर पाहिलं.

‘छान ठेवली,’ हिमानी म्हणाली.

मीराबाईंनी पिवळी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. ‘इथं ठिऊ का इथं?’

‘कुठेही चालेल, काकू. छानच.’

‘कुठं बी चालते तं मंग ह्यो खेळ काहाचा व्हय,’ मीराबाई म्हणाल्या. ‘हे तं पेपर सोडवून राहिलो आपण. मास्तरीण पाठीमागं बसली हाय.’

लहानूजी गालात हसले आणि पुन्हा गंभीर झाले, परीक्षेतल्यासारखे. पलीकडे कुणाचा तरी मोबाईल गाणं म्हणू लागला. मीराबाईंचा हात पदराखालच्या बटव्याकडे गेला, त्यात त्यांचाही फोन होता. हिमानीला दिसत होतं, डाव मरत चाललाय. चांगला खेळ, चुकीच्या माणसांपुढे. आयुष्यभर एकमेकांची उणीदुणी काढत, टोमणे मारत एकत्र राहिलेल्या या माणसांना मी शांत बसवलंय... कुणासाठी?

आणि मग मायाने फरश्या गोळा करायला सुरुवात केली.

घाई नाही, राग नाही. एकेक उचलून डब्यात. लहानूजींच्या हातातली फरशीही तिने हळूच काढून घेतली. आता म्हणतील, काय पोरगी आहे. आता मी म्हणणार, ती थोडी लाजाळू आहे हो, तिला म्हणायचंय की... वाक्य जिभेवर तयार होतं, दोन वर्षं तयारच असायचं. मायाने रविवारीही पाठीवर आणलेल्या शाळेच्या दप्तरातून पत्त्यांचा जोड काढला. झुरळाचा. कधी ठेवला हिने दप्तरात? हिमानीने तोंड उघडलं आणि रंभाबाईंचा तेलकट हात तिच्या गुडघ्यावर येऊन पडला, नुसता जड.

तिने तोंड मिटलं.

मायाने पत्ते पिसले, वाटले. आपल्या हातातलं एक पान निवडलं, पालथं करून मीराबाईंच्या समोर सरकवलं. पंख्याचा आवाज. मीराबाई पानाकडे बघताहेत, माया मीराबाईंकडे बघतेय, आणि मी — मी माझ्याच दातांवर दात दाबून बसले आहे, किती वेळ, कुणास ठाऊक...

‘झुरळ,’ माया म्हणाली.

आवाज लहान होता, पण होता. घरातलाच.

‘कोन, मी?’ मीराबाई म्हणाल्या.

लहानूजींना ठसका लागला. मायाचे खांदे एकदा वर गेले, खाली आले. ‘नाही. पान. मी म्हणते हे झुरळ आहे. खरं का खोटं, ते तुम्ही सांगायचं. बरोबर सांगितलं तर पान मला परत. चुकलं तर तुमच्याकडे. एकाच प्राण्याची चार पानं जमली तो हरला.’

‘थांब गा,’ लहानूजी मागच्या माणसाला म्हणाले, ‘सरक जरा, उजेड येऊ दे.’

‘पन आत्ताच तं मुसावादा म्हणलं आपण,’ मीराबाईंनी मान तिरपी केली. ‘दहा मिनटं नाही झाले. अन् हे पोरगी मले खोटं शिकवून राहिली.’

हेच. हेच तर हिमानी घरी सासूबाईंना म्हणाली होती. मायाने थोडा विचार केला. विचार करताना ती नाकपुडी ओढते.

‘खोटं बोलणार आहे हे सगळ्यांना आधीच सांगितलंय ना? मग फसवलं कुठे?’

रविंद्रकाका दारातून म्हणाले, ‘घ्या. हिले पुढच्या रविवारी प्रवचनाले बसवा.’ मीराबाई म्हणाल्या, ‘खोटं हाय,’ पान उलटलं, आणि झुरळच निघालं, खरंखुरं, मिशांसकट. हॉलमधले सगळे हसले. त्यानंतर मग सतरंजीभोवती माणसं दाटली. लहानूजी इतकं सरळ तोंड करून खोटं बोलू लागले की त्यांची बायको लांबून म्हणाली, चाळीस वर्षं मले हेच तोंड दाखवलं तुम्ही. माया सगळ्यांना सांगत होती, नाही आजोबा, आता तुमची पाळी नाही. काकू, पान बघून पुढे सरकवलं तरी चालतं. शब्दांवर शब्द. हिमानी मागे बसून ते झेलत होती, एकही खाली पडू नये म्हणून. माझी मुलगी. मी आठवडाभर कपाटासमोर उभी राहून जे निवडू शकले नाही ते हिने पाच मिनिटं चार माणसं बघून निवडलं. छातीत काहीतरी इतकं फुगलं होतं की तिला श्वास वरवर घ्यावा लागत होता. कुणीतरी विचारलं, ‘कोणाची वं ही?’ आणि हिमानी उत्तर द्यायला वळली, तोवर मायाच म्हणाली, ‘हिमानी आणि प्रीतमची.’

मग मीराबाई चहासाठी उठल्या आणि त्यांच्या जागी हिमानीला ओढून बसवलं गेलं. मायाने हातातली पानं पाहिली, एक काढलं, पालथं घातलं, आईपुढे सरकवलं.

‘मम्मी. पाल.’

हिमानीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा चेहरा ती आठ वर्षं वाचत आली होती. ताप यायच्या आदल्या दिवशी लाल होणारी कानाची पाळी, दूध बेसिनमध्ये ओतल्यावर जास्तच मोठे होणारे डोळे, रडण्याआधी हनुवटीवर पडणारी खळी — जगात दुसऱ्या कुणाला येत नाही अशी लिपी, आणि बाहेर मुलगी गप्प असताना तिने हीच लिपी लोकांना वाचून दाखवली होती. तिने कान पाहिले. डोळे पाहिले. हनुवटी पाहिली.

काही नव्हतं. माया शांतपणे, थोड्याशा प्रेमानेच, तिच्याकडे बघत होती, जसं लहानूजींकडे बघितलं होतं तसंच.

‘सांग ना वं,’ रंभाबाई म्हणाल्या. ‘माय हायस तू तिची. तुले नाही समजत?’

नाही. हिमानीला समजत नव्हतं. पायऱ्या उतरताना एक पायरी जास्त समजावी तसं तिला वाटलं, आणि त्याच्याच वर तो मघाचा छातीतला फुगवटा, अजून चढतच होता. हिच्या आत आता एक खोली आहे, तिला माझी किल्ली लागत नाही. आतून कडी लावायला ही शिकली... कधी? मी कुठे होते? इथेच तर होते.

लोक थांबले होते. पानावर बोट ठेवून हिमानी मुलीकडे बघत राहिली, तिला उत्तराची घाई वाटेना.