आडवा झालेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. आतल्या खोलीचा. सागवान वगैरे काही नाही, साधं लाकूड. पण ताठा राजवाड्याच्या दरवाजाचा. सत्तावीस वर्षं तीन बिजागऱ्यांवर उभा होतो. आज आडवा पडून बोलतोय, तेव्हा आवाजात थोडा फरक वाटला तर सांभाळून घ्या.

मला ज्यांनी घडवलं, ते पेशाने सुतार. सहा दिवस कारखान्यात रंधा मारायचा आणि सातव्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर जायचं, असा त्यांचा नेम. गावातल्या फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून तेच उभे राहायचे, म्हणून सगळे त्यांना पंचकाका म्हणत. घरी सामना रेडिओवर ऐकायचे, आणि आवाज इतका चढवायचे की आतल्या खोलीत मुलाच्या अभ्यासाचा पार बोजवारा उडायचा. शेवटी काकू कावल्या. म्हणाल्या, एक तर रेडिओ बंद करा, नाहीतर त्या खोलीला दार करा. रेडिओ बंद करण्यापेक्षा दार करणं पंचकाकांना सोपं वाटलं, आणि अशा रीतीने माझा जन्म झाला. सामन्याचा आवाज आत जाऊ नये, एवढ्याचसाठी मी या घरात आलो, हे लक्षात ठेवा.

काम मी चोख केलं. मुलाने परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मला धाडकन आपटलं, तेही सोसलं. मुलगा पुढे बसचालक झाला. लग्न झालं, सूनबाई आली, मग नात आली. नात एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. काकू गेल्या आणि आतली खोली पंचकाकांची झाली.

सूनबाईबद्दल सांगायचं तर मी जरा पाल्हाळ लावीन. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते. तीनशे पोरांची पानं रोज वेळेवर वाढणारी बाई. तिला पाच माणसं आली काय आणि पन्नास आली काय, कपाळावर आठी नाही. बटाट्याची सालं कशी फुकट घालवायची नाहीत, हे तिच्याकडून शिकावं. शब्दही ती तशीच वापरते, मोजके आणि कामापुरते.

इकडे पंचकाकांचे कान गेले. एका दिवसात नाही, कारखान्यातल्या यंत्रकरवतीने तीस वर्षं थोडे थोडे खाल्ले. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यात भांडं पडलं तरी तेवढाच आवाज आणि माणूस बोललं तरी तेवढाच. चार जण एकदम बोलले की नुसता कालवा. ते यंत्र कपाटाच्या खणात जाऊन पडलं. माझ्यावर थापा पडायच्या आणि आत ऐकू जायच्या नाहीत. दरवाजाला याहून लाजिरवाणं काय असणार?

तरी ते माणसांत बसत. समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचे आणि मान डोलवायचे, हसायचे. बहुतेक वेळा निभावून जायचं. एकदा नाही गेलं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्या एकदा दारात उभ्या राहून हलक्या आवाजात काही सांगत होत्या. बाई धीराची, ओठांवर हसू ठेवूनच बोलत होती. पंचकाकांना एक अक्षर कळलं नाही. ताईंच्या मुलीला नोकरी लागली असेल असा अंदाज करून ते मोठ्याने म्हणाले, "वा, छान झालं. आता पार्टी पाहिजे."

ताईंचा भाऊ गेला होता.

संध्याकाळी मुलाने कागदावर लिहून दाखवलं तेव्हा पंचकाकांनी तो कागद बराच वेळ हातातून सोडला नाही. मग उठले आणि मला लावून घेतलं. त्या दिवसापासून मी उघडलो तो जेवणापुरता. टीव्हीवर फुटबॉल लागला तरी ते येत नसत. आपण माणसांत बसायच्या लायकीचे राहिलो नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझा जीव तुटायचा, पण लाकडाने काय करावं?

पुढे त्यांनी लांबच्या गावी राहणाऱ्या आपल्या बहिणीला पत्र लिहिलं. बहीण एकटी, तिचेही कान गेलेले. तिथे कुणाला कुणाशी बोलायची गरज नाही. कायमचंच राहायला येतो म्हणून कळवलं. सोमवारी सकाळची गाडी ठरली. बॅग भरून, पट्टा आवळून खाटेखाली ठेवली. मुलाने समजूत घातली, भिंगरी रुसून बसली, म्हातारा हटेना. सूनबाईने मात्र कॅलेंडर पाहिलं. सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, फुटबॉलचा अंतिम सामना होता.

तिने घरात सामना पाहायचा बेत जाहीर केला. नवरा म्हणाला, आपला टीव्ही वहीएवढा, खुर्च्या चार, आणि महिनाअखेर. ती म्हणाली, बघते. तिने जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना निरोप दिला की सामना बघायला या, बसायला आपापलं घेऊन या आणि पाणी प्यायला आपापला पेलाही आणा. यात तिला काडीचा संकोच वाटला नाही, आणि म्हणूनच कुणाला काही वाटलं नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याच्या दुकानात एक मोठा संच वर्षभर पडून होता. गिऱ्हाईक फिरकलंच नव्हतं. त्या संचाचा स्वतःचा आवाज गेलेला, म्हणून शेजाऱ्याने आवाजाचा वेगळा खोका आणि त्याची वायरही दिली. खायला उकडलेले बटाटे, त्यावर मीठ, मिरपूड आणि लिंबू, मक्याच्या लाह्यांचं मोठं पातेलं, आणि सरबत. राहिलं होतं फक्त टेबल.

रविवारी सकाळी ती माझ्यापाशी आली. थाप मारून उपयोग नव्हता, तेव्हा सरळ आत गेली, पंचकाकांच्या समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, मला तुमचं दार हवंय. टेबल नाही घरात."

त्यांना ते ओठांवरून कळलं. दार द्यायचं म्हणजे खोली उघडी पडणार. पण मागितलेली वस्तू नाकारणं त्यांच्या रक्तात नाही, आणि सुताराकडे कुणी लाकडाचं काम घेऊन आलं की त्याचे हात आपोआप शिवशिवतात. त्यांनी पेचकस काढला. वरची बिजागरी, मधली, खालची. सत्तावीस वर्षांनी मी चौकटीतून सुटलो तेव्हा मला घेरी आल्यासारखं झालं. त्यांनी कारखान्यातल्या जुन्या दोन लाकडी घोड्या काढल्या, त्यांवर मला निजवलं, मूठ उतरवली आणि पाठीवर पेन्सिल ठेवून ती घरंगळते का ते पाहिलं. घरंगळली नाही. मग आपल्या उघड्या खोलीत जाऊन खाटेवर बसले, भिंतीकडे तोंड करून.

मुलगा कामावर, भिंगरी खाली. सूनबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि चक्क माझ्याखाली शिरली. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. माझ्या पोटाला काहीतरी गार, लांबुडकं चिकटवलं गेलं. हा काय प्रकार, ते मला तेव्हा उमगलं नाही. मग तिने टीव्ही सरकवून नेमका मोकळ्या चौकटीच्या समोर आणला.

चार वाजायच्या आत घर भरलं. कुणी स्टूल आणलं, कुणी उशी, शेजारच्या पोस्टमनने तर बागेतली आरामखुर्ची जिन्यावरून ओढत आणली. मुलगा बसचा गणवेश न उतरवताच बसला. माझी मूठ जिथे होती त्या भोकात भिंगरीने लाह्यांचा कागदी कोन खोचला आणि तो असा ठाकठीक बसला की मला त्या भोकाचा अभिमान वाटू लागला. शिवणवाल्या ताईही आल्या. पंचकाकांनी मान वळवून त्यांना पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

टीव्ही लागला. चित्र झकास, आवाज नाही.

सूनबाईने सांगितलं की वायर सापडत नाही, काय करणार, असंच बघू. दुरुस्तीवाला म्हणाला, अहो, मी स्वतःच्या हाताने काल दिली ना. तो पुढे काही बोलणार तोच सूनबाईने त्याच्या हातात बटाट्यांची ताटली कोंबली. वर हे दिसलं सगळ्यांना. खाली तिने त्याच्या पायावर पाय दिला, ते फक्त मला दिसलं. टेबल होण्याचे फायदे असतात. तो बिचारा बटाटा चावत म्हणाला, दुकानात राहिली असेल.

लोकांनी कुरकुर केली. पोस्टमनने फोनवर समालोचन लावलं, पण ते अर्धा मिनिट मागे. टीव्हीवर चेंडू गोलजाळ्यापाशी आणि फोनवर अजून मैदानाच्या मधोमध. चार जणांनी ओरडून तो बंद करायला लावला. मग वीस माणसं गपचूप सामना बघू लागली आणि पंधरा मिनिटांत सगळ्यांचे हाल व्हायला लागले. शिट्टी कधी वाजली कळेना. पंचाने काय दिलं कळेना. जो तो शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायचा आणि चुकायचा. मी आतल्या खोलीकडे पाहिलं. पंचकाका हळूहळू टीव्हीकडे वळले होते.

तेवढ्यात गोंधळ उडाला. गोलरक्षकाने आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू हाताने उचलला. पंचाने शिट्टी फुंकली असावी, कारण सगळे थांबले. त्याने एक हात सरळ वर केला. चेंडू गोलच्या तोंडाशी ठेवला गेला. मुलगा म्हणाला पेनल्टी, पोस्टमन म्हणाला छे, ताई म्हणाल्या मग सगळे भिंतीसारखे आडवे का उभे? आरडाओरडा सुरू असतानाच खेळाडूने धावत येऊन लाथ मारली. चेंडू कुणालाही न शिवता थेट जाळ्यात.

घर उसळलं. माझ्या पाठीवरचे पेले थरथरले. मुलाने पोस्टमनला मिठी मारली.

"गोल नाही," आतून आवाज आला.

पंचकाकांना आपला आवाज किती चढतो ते कळत नाही, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. ते चौकटीत उभे होते. बोट टीव्हीकडे. "हात बघा त्याचा. अजून वर आहे. दुसऱ्या कुणाला चेंडू लागल्याशिवाय तो हात खाली येत नाही. थेट मारलेला चालत नाही."

वीस माना टीव्हीकडे वळल्या. पंचाचा हात खरोखर वर होता. मग त्याने तो खाली आणला आणि गोलकिकची खूण केली. गोल नव्हता.

वीस माना परत वळल्या, या वेळी पंचकाकांकडे. सगळे एकदम विचारू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना गोंधळ मला दिसला, आता हे आत जाणार असं वाटलं. पण त्यांचा उजवा तळहात आपोआप पुढे झाला, मैदानावर व्हायचा तसा. घर गप्प झालं. त्यांनी पोस्टमनकडे बोट केलं. पोस्टमन त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलला. त्याचं झालं, मग ताईंच्या शेजारचा. सामना संपेपर्यंत तेच चाललं. विचारायचं असेल त्याने हात वर करायचा, पंचकाका बोट दाखवणार, मग एकेकाने बोलायचं. त्या घरात इतक्या शिस्तीत कधी कुणी बोललं नव्हतं.

मध्यंतरात ते माझ्यापाशी आले. ताईंसमोर उभे राहिले. हात जोडायला गेले, तर ताईंनी ताटली पुढे केली. ओठ नीट हलवत, आणि डोळ्यांत पाणी असतानाही हसत त्या म्हणाल्या, "पार्टी मागितली होतीत ना काका? ही घ्या. भावाला माझ्या फुटबॉल फार आवडायचा."

पंचकाकांनी बटाटा घेतला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पाठीवर पडलं, त्याचा डाग मी अजून पुसू दिलेला नाही. सामना कोण जिंकलं म्हणता? मला खरंच आठवत नाही.

सोमवारी सकाळची गाडी त्यांच्याशिवाय गेली. पाहुणा म्हणून चार दिवस येईन, असं बहिणीला कळवलं. टीव्ही दुकानात परत गेला, वायर सापडत नाही असं सूनबाईने पुन्हा सांगितलं आणि दुरुस्तीवाल्याने पायाकडे बघत ते मान्य केलं. मग पंचकाका पेचकस घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, संपली मजा, चला चौकटीत. पण त्यांच्या काखेत चार पाय होते, नुकताच रंधा मारलेले.

पाय बसवायला त्यांनी मला पालथा केला, आणि ती वायर त्यांच्या समोर आली. नीट गुंडाळलेली, दोन चिकटपट्ट्यांनी माझ्या पोटाला चिकटवलेली. स्वयंपाकघरात सूनबाई पाठमोरी उभी होती. ते वायरीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे, मग पुन्हा वायरीकडे. एक पट्टी सुटत आली होती. त्यांनी खणातून नवी पट्टी काढली, जुनीच्या जागी लावली, अंगठ्याने दाबून घट्ट केली, आणि पाय ठोकायला घेतले.

मी सरळ उभा राहिल्यावर सूनबाई पुसायला आली. नवे पाय पाहून तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिने हळूच खाली हात घातला. वायर होती तिथेच होती. तिची बोटं त्या नव्या पट्टीवर थांबली. आत पंचकाका खणातून कानाचं यंत्र काढून त्याला सुकं फडकं लावत होते. त्या वायरीबद्दल दोघंही एकमेकांना काही बोलले नाहीत, आजतागायत.

दर रविवारी माझ्याभोवती माणसं बसतात आणि हात वर करून बोलतात. माझी चौकट मोकळीच आहे. सामन्याचा आवाज आत जाऊ नये म्हणून जन्मलो, आणि त्याच आवाजाची वायर पोटाशी धरून म्हातारा होतोय. तुमच्याकडेही कुणी आतल्या खोलीत मला लावून बसलं असेल, तर नुसत्या थापा मारत राहू नका. आम्हांला बिजागऱ्यांवरून उतरवता येतं. उतरवा. आमची काही हरकत नाही.