नोकरीचं दारवर

हितेंद्रची नोकरी शुक्रवारी संध्याकाळी गेली आणि शनिवारी सकाळी धुळ्यात, देवपुरातल्या त्याच्या घरासमोर पहिली जीप उभी राहिली. जीप दोंडाईच्याची होती. आतून हिलालनाना उतरले, म्हणजे हितेंद्रचे मामा. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, चेहरा मयताला शोभेल असा. मागून बायका उतरल्या आणि उतरता उतरताच त्यांनी पदर तोंडाला लावला.

आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं की सोयरे गाड्या करून येतात, अंगणात बसतात, त्याला दारवर येणं म्हणतात. नोकरीसाठी कुणी दारवर आल्याचं गल्लीने आजवर पाहिलं नव्हतं. पण हितेंद्रच्या आईने, झुंबरबाईंनी, भावाला फोनवर ‘हितेंद्रनी नोकरी गयी’ एवढं सांगून पुढे जो सूर लावला, तो ऐकल्यावर नानांना घरी बसवेना.

हितेंद्रची बायको दिपमाला गल्लीतल्याच शाळेत शिकवते. ती सासूला आत ओढून म्हणाली, “आई, हे काय चाललंय? लोक काय म्हणतील?”

“लोके बठ्ठा अंगणमाच शेतस,” झुंबरबाई बाहेर जमलेल्या सगळ्यांकडे बोट करून म्हणाल्या. “त्यासले चहा दे.”

नानांचं मत पक्कं होतं. “मानूस गया ते एकटा जास. नोकरी बठ्ठासना घास लई जास. मंग दारवर पहिले कोठे जानं?”

 चटई अंथरली गेली. ही चटई कंपनीचीच होती. हितेंद्र जळगावला एका चटई कारखान्यात माल रवाना करण्याचं खातं सांभाळायचा. तिथेच खोली घेऊन राहायचा आणि रविवारी घरी यायचा. शुक्रवारी जगदीश साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे असं सांगितलं, मग कुटुंबाची पुनर्रचना झाल्याचं सांगितलं आणि प्रेमाची भेट म्हणून एक चटई दिली. मोर आणि कमळं असलेली. निर्यातीत नापास झालेली.

त्या मोरावर हितेंद्र मान खाली घालून बसला. पुरुष बाहेर, बायका आत.  थोडा वेळ जाऊ देऊन रीतीप्रमाणे नानांनी विचारलं, “कसं व्हयनं?”

हितेंद्रने केबिनपासून सुरुवात केली आणि चटईपर्यंत येऊन रडला.

“जानं कसं व्हयनं ते समजनं,” नाना म्हणाले. “जाले काय, एक घडी लागस. आते नोकरी कशी व्हती ते सांग.”

दारवर आल्यावर गेलेल्या माणसाचं चांगलं बोलायचं असतं. हितेंद्र गोंधळला. इतकी वर्षं नोकरी केली, पण ती कशी होती हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. कंपनीने तर नाहीच. चाचपडत त्याने काहीतरी सांगितलं, तोवर शिंदखेड्याची गाडी आली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

ही खरी गंमत. दारवर येणाऱ्या प्रत्येक गाडीला गोष्ट नव्याने सांगायची असते, आणि आधी आलेले उठत नाहीत. ते श्रोते राहत नाहीत, जाणकार होतात. हितेंद्र विसरला की ते आठवण देत.

“अरे, ते केळीना ट्रकनं राहिनं!”

मग हितेंद्र सांगे : रावेरहून केळी घेऊन ट्रक उत्तरेला जातात आणि येताना बरेच रिकामे येतात. कंपनीला चटयांसाठी प्लास्टिकचा दाणा तिकडूनच आणावा लागायचा. त्याने त्या ड्रायव्हरांशी ओळखी काढल्या आणि दाणा त्यांच्या गाड्यांतून आणवला. भाडं निम्म्यावर आलं.

“निम्म्यावर!” नाना नव्या पाहुण्यांकडे बघून सांगत, जणू गेलेल्याने कुलदेवीचं मंदिर बांधलं होतं. बायकांतून हुंदका येई.

दुपारपर्यंत गोष्टीला डौल आला. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे हितेंद्रला कळू लागलं. रडं कधीच गळून पडलं होतं. संप झाला तेव्हाही माल कसा वेळेवर पोचला, या जागी तर समोरच्या घरातली माणसं गच्चीवर येऊन उभी राहत.

एकट्या ललितला घाई होती. ललित म्हणजे दिपमालाचा भाऊ, सुरतेला साड्यांच्या गोदामात मुकादम. तो एका भेटीत दोन कामं उरकायला आला होता, दारवर बसायचं आणि नवी नोकरी द्यायची.

“जिजाजी, शेठला सांगून ठेवलंय. गोदामात गठ्ठे मोजायचे. बुधवारी हजर व्हा, नाहीतर जागा गेली.”

“आणि माझी शाळा?” दिपमालाने विचारलं.

“सुरतेला शाळा नाहीत का?”

“मी सुरतले येवाव नही,” आतून झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा सूर पुन्हा लागला.  बुधवारपर्यंत धुळ्याच्या आसपास काही मिळालं नाही, तर आई इथे, आपण तिथे आणि दिपमाला दोन्हीकडे, हे हितेंद्रला दिसत होतं.

शेवटच्या गाडीत झुलाल होता. लांबचा चुलतभाऊ, धुळ्याजवळच नरडाण्याला बिस्किटांच्या कारखान्यात गेटवर असतो. त्याने पूर्ण गोष्ट ऐकली, डोळे पुसले आणि बाकीच्यांबरोबर मुकाट्याने उठून गेला. दारवरून उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, मागे वळून बघायचं नसतं. झुलालने रीत इतकी पाळली, की जे सांगायला आला होता ते सांगितलंच नाही. सोनगीरला चहा प्यायला थांबल्यावर त्याला आठवलं.

“दादा,” तो फोनवर म्हणाला, “आमनी कंपनीमा तुन्हाच कामना मानूस धुंडी ऱ्हायनात. सोमवारले ये.”

“मघाशी का नाही बोललास?”

“दारवर असं बोलतस का?”

सोमवारी नरडाण्याला हितेंद्र गेला. समोर कारखान्याच्या प्रमुख हेमलता मॅडम आणि लॅपटॉप उघडून बसलेला एक तरुण अधिकारी.

“स्वतःबद्दल सांगा,” मॅडम म्हणाल्या.

सवयीने हितेंद्रची मान खाली गेली. त्याने खोलीत शांतता पसरू दिली. मग हलक्या आवाजात म्हणाला, “शुक्रवारपर्यंत धडधाकट होती, मॅडम.”

“कोण?”

“नोकरी.”

आणि त्याने सुरुवात केली. केळीचे ट्रक आले, ड्रायव्हर आले, संप आला. थांबायच्या जागी तो थांबला. तरुण अधिकाऱ्याने लॅपटॉप कधी मिटला हे त्यालाही कळलं नाही. गोष्ट संपली. मॅडमनी पाण्याचा ग्लास हितेंद्रकडे सरकवला आणि तरुण अधिकारी म्हणाला, “फार वाईट झालं.”

“त्यांचं वाईट झालं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही उद्यापासून या. खात्याचे प्रमुख म्हणून. आमचे ट्रकसुद्धा रिकामेच परत येतात.”

उठताना हितेंद्र ‘येतो’ म्हणाला नाही. मॅडमना वाटलं, माणूस मोठा स्वाभिमानी आहे. पगारही वाढवून मिळाला.

घरी सांगितल्यावर झुंबरबाईंनी पुन्हा भावाला फोन केला आणि पुन्हा जीप आली. नानांनी सुतक फिटल्याचं जाहीर केलं. रीतसर गोड जेवण झालं, वांग्याचं भरीत आणि पुऱ्याही झाल्या. ललितने सुरतेला जाण्याआधी तीनदा भरीत घेतलं आणि नरडाण्याला मुकादमाची जागा आहे का, ते हळूच विचारलं. आता हितेंद्र अपडाऊन करतो. संध्याकाळी दिपमाला वह्या तपासायला बसते तेव्हा तो घरी असतो.

दिवाळीनंतर बातमी आली. चटई कंपनीची पुन्हा पुनर्रचना झाली होती, आणि या खेपेला जगदीश साहेब गेले होते.

झुंबरबाई म्हणाल्या, “जीप सांग.”

“आई, त्यानेच मला काढलं!”

“म्हनीसनच. आपन नही गयूत ते कोन जाई?”

जळगावला जगदीश साहेबांनी दार उघडलं, तर समोर पदर तोंडाला लावलेल्या बायका. नानांनी ओट्यावर मोराची चटई अंथरली, साहेबांना हाताला धरून बसवलं, थोडा वेळ जाऊ दिला.

“कसं व्हयनं?”

साहेबांनी सांगितलं. कुटुंब हा शब्दही आला.

“ते ऱ्हाऊ द्या. नोकरी कशी व्हती ते सांगा.”

साहेब विचारात पडले. गल्ली गोळा झाली होती. शेवटी ते म्हणाले, “मी... माणसं कमी करायचो.”

कुणी हसलं नाही. आतून रीतीपुरता हुंदका आला. नानांनी हितेंद्रकडे पाहिलं, आणि हितेंद्रने पुढे सरकून साहेबांच्या पाठीवर हात ठेवला.

“पहिल्या खेपेला असंच होतं, साहेब,” तो म्हणाला. “मागे दुसरी जीप येतेय. परत सांगा.”