पाठबळ सोडताना

काटेवाल्याच्या हाताखालून वीस वर्षांत शेकडो काटे गेले होते. दुकानांतली वजनयंत्रं, दवाखान्यांतले बाळं तोलायचे तराजू, गोदामांतले ट्रक उभा राहील असले अवाढव्य काटे, सगळे त्याने नीट करून दिले. पण चार वर्षं खपून स्वतः रचलेला खेळ काही केल्या त्याला तोलता येईना, आणि नियमांचं पुस्तक सोमवारी सकाळी छापखान्यात द्यायचं होतं.

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू. काटेवाला गोष्ट सांगणार, राक्षस अंगावर सोडणार, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. घोडं अडलं होतं वैदूच्या एका मंत्रापाशी. मंत्राचं नाव पाठबळ. वैदूने नुसतं "पाठबळ देते" म्हणायचं, की सोबत्यांनी लढाई संपेपर्यंत आपल्या प्रत्येक फाशात चार मिळवायचे. त्यासाठी वैदूला फासासुद्धा टाकावा लागत नसे. ज्यांना ज्यांना खेळ तपासायला दिला त्या सगळ्यांनी एकच कळवलं होतं: हा मंत्र फुकट आहे, राक्षस दोन फेऱ्यांत आडवा होतो.

महिनाभर या एका मंत्राने त्याच्या नाकी नऊ आणले. चाराचे दोन केले, तर वैदू व्हायला कुणी तयार होईना. तीन फेऱ्यांची मुदत घातली, तर सगळे लढायचं सोडून बोटं मोजत बसले. शेवटी त्याला एक ओळ सुचली आणि तो स्वतःवरच खूश झाला.

रविवारी सकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर मंडळी जमली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, इस्पितळात एक्स-रे काढणारी आणि पहिल्या दिवसापासून खेळातली वैदू. पैलवान होता, म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा एक बसचालक, जो खेळात हट्टाने योद्धाच व्हायचा. आणि वकीलबाई. त्या खऱ्याच वकील होत्या, खेळात मात्र चोर.

"ऐका, नवा नियम," काटेवाल्याने वाचून दाखवलं. "पाठबळ चालू आहे तोवर देणाऱ्याला स्वतःची पाळी नाही. आता तरी फुकट म्हणू नका."

ताई हसली. "यात नवीन काय रे? मी आतापर्यंत कधी घेतली पाळी?"

"घेता येत होती की तुला."

"हो, येत होती," ताई म्हणाली आणि चहाचे कप पुढे सरकवले.

काटेवाल्याला हे बोलणं जरा लागलं, पण राक्षस वाट बघत होता. खेळ सुरू झाला. गुहेच्या तोंडाशी तीन डोक्यांचा राक्षस, पैलवान पुढे, चोर मागच्या बाजूने, आणि वैदू खडकाआड हात वर करून उभी. "पाठबळ देते," ताई म्हणाली. मग पाच फेऱ्या ती नुसती बसून होती. पैलवान फासे टाकत होता, चार मिळवत होता, ओरडत होता. काटेवाला वहीत आकडे टिपत होता. तोल जमला होता. राक्षस झुंज देत होता, आणि काटेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

"मी पाठबळ सोडते," ताई म्हणाली.

पैलवानाचा फासा हातातच राहिला. "आत्ता? ताई, मी मरेन ना! नाही, मी संमती देत नाही."

"संमती?" ताई म्हणाली.

वकीलबाईंनी तोवर नियमांच्या वहीतलं पान काढलंसुद्धा होतं. "नियम सतरा. ज्याला पाठबळ दिलं त्याच्या संमतीशिवाय ते काढून घेता येणार नाही."

तो नियम पहिल्या वर्षीचा. दूध उतू चाललंय म्हणून ताई मंत्र सोडून उठली होती आणि योद्धा मेला होता. त्यावरून पैलवानाने इतका गोंधळ घातला, की काटेवाल्याने तिथल्या तिथे ही ओळ लिहून टाकली. तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता ताई पैलवानाकडे नाही, भावाकडे बघत होती.

तिच्या मागे फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळाने तिला एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं, आणि सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. असं बोलावणं तिसऱ्यांदा आलं होतं. पहिल्यांदा वडील अंथरुणाला खिळले होते. दुसऱ्यांदा काटेवाल्याने गोदामातल्या ट्रकच्या काट्याखालच्या खड्ड्यात पडून पाय मोडून घेतला आणि आठ महिने तिच्याकडे काढले. पाय बरा झाला, पण दोन वेळचं जेवण तिच्याकडेच राहिलं. या वेळी तिने विचारलं तेव्हा तो घास चावत म्हणाला होता, "बघू की, घाई काय आहे?"

काटा नादुरुस्त असला की तो आधी पारडं रिकामं करून बघायचा. रिकाम्या पारड्यालाच वजन दाखवत असेल, तर वर काहीही ठेवा, माप चुकणारच. आणि इथे महिनाभर तो चाराचे दोन करत बसला होता. मंत्र फुकट आहे असं त्याला वाटत आलं, कारण त्याच्याकडून कधी कुणी काही मागितलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी, कानशिलं तापवणारी लाज.

त्याने नियमांची वही ओढली आणि नियम सतरावर काट मारली. "संमती लागत नाही," तो म्हणाला. "देणारी सोडेल तेव्हा सुटेल."

"उद्या छापायचंय आणि आज नियम खोडतोस?" वकीलबाई म्हणाल्या.

"चुकीचाच होता तो. चार वर्षं चुकीचा होता."

"मग सोडलं," ताई म्हणाली. "आणि उद्या मी त्यांना हो कळवतेय."

पैलवानाला काही उमगलं नाही. त्याने बिचाऱ्याने फासा टाकला. अकरा. पाठबळाचे चार मिळाले असते तर भागलं असतं. योद्धा गुडघ्यावर आला.

"ताई, जा तू," काटेवाला म्हणाला. "मी घरी वरण तरी करायला शिकेन."

"करपवशील."

"करपवेन. खाईन तसंच."

ताईने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे घेतली. "बरं. माझी पाळी ना आता?"

"तुझीच."

तिने टेबलावरून नजर फिरवली. पैलवानासमोर लाल फासा होता, वकीलबाईंसमोर काळा. चार वर्षांत तिने एकदाही फासा टाकला नव्हता, तिच्याकडे फासाच नव्हता, आणि ते आजवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. काटेवाल्याने स्वतःचा पांढरा फासा तिच्या तळहातावर ठेवला.

"कसा टाकायचा रे?" तिने विचारलं.