पोथी कुणी फिरवली?

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसाच्या आतल्या शक्तीने वैजनाथ महाराजांची पोथी फिरते म्हणे! मी फिजिक्सचा रिटायर्ड मास्तर. लोणी काळभोरच्या कॉलेजात उभा जन्म गेला, म्हणून सगळे मला ‘लोणीचे सर’ म्हणतात. असले चमत्कार बघून बघून आताशा रागही येत नाही, नुसती जांभई येते. पण आज पुढे ऋतुजा बसली होती. शेजारची कॉलेजातली पोर, लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिन थांबलं तर जिवावर बेतणार.

महाराज सांगत होते, “समुद्रमंथन बाहेर झालंच नाही, माउली! समुद्र म्हणजे पोट, पर्वत म्हणजे पाठीचा कणा. अमृत आतच तयार होतं. बाहेरून टोचतो ते विष!”

पोथीत मोठी किल्ली खुपसून ती दोऱ्याने करकचून बांधली होती. किल्लीची कडी एका बाजूने ऋतुजाच्या बोटावर, दुसऱ्या बाजूने तिच्या आईच्या, शर्मिलाच्या बोटावर. पोथी खाली लोंबत होती.

“इन्सुलिन चालू ठेवायचं?” महाराजांनी विचारलं. पोथी ढिम्म.

“बंद करायचं?” पोथी गर्रकन फिरली.

शर्मिलाला रडूच फुटलं. “आजपासून बंद, महाराज!”

आता उठणं भाग होतं. “महाराज, समुद्र रूपक, पर्वत रूपक, अमृतही रूपक. मग विषच तेवढं खरं कसं हो? आणि तेही नेमकं यांच्या फ्रिजमधलं?”

“सर, तर्काने शक्ती कळत नाही. पोथीलाच विचारा.”

“विचारतो की. माझं जन्मगाव कुठलं? हडपसर?” पोथी हलली नाही. “खराडी?” नाही. “लोणी काळभोर?” पोथीने गिरकी घेतली आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

“मी खराडीत जन्मलो,” मी म्हणालो. “तेव्हा तिथे आयटी पार्क नव्हते, आमची ज्वारी होती. या मायलेकींना वाटलं लोणी, म्हणून पोथीलाही वाटलं लोणी. बोटांवर तोललेल्या वजनाला एवढासा धक्का पुरतो. मनात असतं ते बोट करून जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही.”

“आज भाव कमी पडला,” महाराज पुटपुटले.

“अहो, फिरली की! चुकीच्या गावाला फिरली, एवढंच.”

ऋतुजा आपल्या बोटाकडे बघत होती. “मीच फिरवली असेन, सर. रोज टोचून टोचून वैताग आलाय मला.”

“मलाही बघवत नाही गं,” शर्मिला म्हणाली.

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, आणि हे सांगायला पोरीला पोथी लागली! “बाळ, वैताग तुझा खराच आहे,” मी म्हणालो. “महाराजांनी त्याचंच नाव शक्ती ठेवलं. पोथी खुशाल वाचा, हवे ते अर्थ लावा. रक्तातल्या साखरेला अर्थ लावता येत नाही, ती मोजावी लागते. आणि कंटाळा आला तर आईला सांग, डॉक्टरांना सांग, मला सांग. चल घरी. आधी इंजेक्शन घे, मग हवं तेवढं रड.”