अण्णांचा शर्ट

औद्योगिक वसाहतीतली नासलेली माती बाटलीतून बाहेर ओतली, की ती जिथून नासली तिथे चालत जायची. त्यामुळे प्रदूषण खात्याचं काम अगदी सोपं झालं होतं. माती थांबेल ती जागा दोषी. तिथे पांढऱ्या फक्कीची रेघ मारायची, माणसं हलवायची आणि जेसीबीने सगळं उचलून न्यायचं. मातीशी हुज्जत घालायची सोय नव्हती.

त्या सकाळी सुनेत्रा गुरव आणि तिचे साहेब रेडकर अशाच एका काळपट ढिगामागून चालले होते. ढीग रंगाच्या कारखान्याकडे वळला, तेव्हा सुनेत्राला मनापासून आनंद झाला. तिचे वडील, अण्णा, तिथेच राबले आणि खोकून खोकून गेले. फाटकाशी मॅनेजर घाम पुसत उभा होता. माती त्याच्या बुटांना वळसा घालून पुढे गेली. त्याने लगेच चहा मागवला. सुनेत्राला त्या चहाचा फार राग आला.

"साहेब, आत जाऊन बघू या ना."

"मातीला कळतं," रेडकर म्हणाले.

माती भराभर चालायला लागली. कामगारांच्या चाळींची गल्ली आली तशी सुनेत्रा पळत पुढे गेली. ती आडवी उभी राहिली, तर माती तिच्या चपलांखालून निघून गेली. गल्लीही अरुंद होत चालली होती. दोघांना अंग चोरून चालावं लागत होतं. शेवटी माती सुनेत्राच्याच परसात शिरली आणि धुण्याच्या दगडापाशी थांबली.

आई अण्णांचा कारखान्यातला शर्ट धूत होती. अण्णा होते तेव्हा रोज धुवायची, तशीच. दगडाखालची जमीन जांभळी झाली होती.

"आई, ऊठ. घर खणून नेतील आता."

"पाणी नितळ आलं की उठते. कंपनीत मळका शर्ट चालत नाही त्यांना."

"रंग कारखान्याचा आहे, साहेब." सुनेत्राचा आवाज फाटला. "हिने नुसता धुतलाय."

"माती इथेच थांबली ना?" रेडकरांनी फक्कीची पिशवी सोडली.

माती आता आईच्या कोपरापर्यंत चढली होती. सुनेत्रा खाली बसली, शर्टाचं दुसरं टोक धरलं आणि जोर लावून पिळायला लागली. रेघ दोघींच्या भोवती फिरून येऊन मिळाली. पिळ्यातून जांभळं पाणी आलं, मग आणखी जांभळं, आणि मग अण्णा खोकले.